दारावरचा तगादा

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. रात्री साडेनऊला नातीचा इंग्लंडहून फोन आला. एरवी ती रविवारी फोन करते, त्यामुळे मधल्या वारी घंटा वाजली की माझ्या पोटात गोळा येतो. "आजी, वसुलीवाल्यांचं पत्र आलंय. लाल अक्षरात. सात दिवसांत गॅस आणि विजेचे पैसे भरा, नाहीतर माणूस दारात पाठवतो म्हणतात. ते घरात घुसून सामान नेतील का गं?"

तिला ते घर भाड्याने घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि तिची स्वतःची बिले वेळच्या वेळी जात होती. पाकीट नीट वाच म्हटले, तेव्हा कळले की त्यावर तिचे नावच नव्हते. आधीच्या भाडेकरूचे होते. थकबाकी त्याची, पत्ता मात्र आता हिचा!

त्या पत्राचे पुढे काय झाले ते शेवटी सांगते. पण "घरात घुसतील का?" हा तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. लढाया शिकवल्या, तह शिकवले. देणेकऱ्याच्या दारात काय घडत आले, यावर मात्र कुठल्याच क्रमिक पुस्तकात धडा नव्हता. मग दुपारी डोळे चालतील तितका वेळ वाचत बसले. वाचता वाचता ध्यानात आले की हा सगळा इतिहास एका उंबरठ्याभोवती फिरतो. वसुलीवाल्याने कुठवर यायचे आणि हातात काय कागद घेऊन यायचे, एवढाच त्यातला वाद.

सुरुवात आपल्याकडून करू. 'तगादा' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला आणि इतका रुळला की तो परका वाटतच नाही. तगाद्याचा सगळ्यात कडक प्रकार म्हणजे धरणे. घेणेकरी देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचा आणि तो उठेपर्यंत घरातल्यांनीही जेवायचे नाही, असा संकेत. बसलेला माणूस उपासाने मेला तर त्याचे पाप घरावर. ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी 1809 साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. त्याची त्या वेळची पत्रे 1813 मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि त्यांत या धरण्याचे वर्णन आहे. तिथे तर पगार थकलेले शिपाईच धरणे धरत. पुढे 1860 च्या भारतीय दंडविधानात कलम 508 आले. दैवी कोपाची भीती घालून कोणाकडून काही करवून घेणे हा त्यात गुन्हा ठरला, आणि उदाहरण म्हणून दुसऱ्याच्या दारात धरणे धरून बसणारा माणूसच दिला होता. ते कलम आता न्याय संहितेत 354 क्रमांकाने आहे. धरणे मात्र सावकाराच्या हातून सुटून लोकांच्या हातात आले आणि सरकारच्या दारात जाऊन बसले.

एक गोष्ट बघा. धरणे धरणारा कितीही हट्टी असला तरी उंबरठ्याबाहेर बसे. आत जात नसे.

इंग्लंडातही हाच मुद्दा 1604 साली कोर्टात गेला होता. 'इंग्रज माणसाचे घर म्हणजे त्याचा किल्ला' हे वाक्य आपण मोठ्या तत्त्वाच्या गप्पांत ऐकतो. त्यामागे प्रत्यक्षात एका उधारीची भानगड आहे, हे मला या वयात कळले. लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागात ग्रेशम आणि बेरिस्फोर्ड अशा दोघांचे एक घर होते. बेरिस्फोर्डवर सेमेन नावाच्या माणसाचे देणे होते. बेरिस्फोर्ड वारला, त्याची चीजवस्तू घरातच राहिली. ती जप्त करायला शेरीफची माणसे आली, तेव्हा ग्रेशमने दार लावून घेतले. सेमेनने ग्रेशमवरच दावा लावला. न्यायाधीशांनी सांगितले ते थोडक्यात असे: राजाचे काम असेल तर अधिकाऱ्याला दार फोडता येईल, तेही आधी कळवून आणि दार उघडायला सांगून. पण एका खासगी माणसाच्या येण्यासाठी दुसऱ्याच्या घराचे दार फोडता येणार नाही. निकाल ग्रेशमच्या बाजूने लागला. म्हणजे तो प्रसिद्ध किल्ला उभा राहिला तो वसुलीवाल्याला दारात थांबवण्यासाठी.

पुढे गॅस आला आणि या जुन्या मांडणीत एक नवाच पेच पडला. लंडनमध्ये गॅस लाइट अँड कोक कंपनीला 1812 मध्ये सनद मिळाली. वाण्याने उधार दिलेला माल दुकानातून उचलून घरी आणावा लागतो. गॅस नळीतून परस्पर घरात येतो, आधी जळून जातो आणि पैसे नंतर मागितले जातात. वस्तू संपली की परत नेण्यासारखे काही उरत नाही. बिले तिमाही असत. ज्याच्या हातात दर शनिवारी आठवड्याची मजुरी पडते, त्याने तीन महिन्यांचे पैसे बाजूला कसे ठेवायचे? म्हणून कितीतरी वर्षे कंपन्या गरिबांच्या वस्तीत गॅस द्यायला फारशा उत्सुक नव्हत्या.

यावर तोड निघाली ती नाण्याच्या मीटरची. 1880 च्या दशकाच्या अखेरीस असे मीटर निघाले आणि 1890 च्या दशकात लंडनच्या मजूरवस्तीत पसरले. एक पेनी टाकायची, पेनीपुरता गॅस मिळायचा. संपला की दुसरी पेनी. ना बिल, ना थकबाकी, ना तगादा. घरात गॅसची शेगडी आली, दिवा आला. कोळशाची राख उपसण्यातून बायकांची थोडी तरी सुटका झाली. त्या काळातल्या कुठल्याही मजुराच्या बायकोला विचारले असते, तर तिने या मीटरला नावे ठेवली नसती असे मला वाटते.

ठरावीक दिवसांनी कंपनीचा माणूस मीटरची पेटी रिकामी करायला यायचा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नाण्यांचा ढीग ओतायचा, चळती लावून मोजायचा आणि दरातल्या फरकापोटी काही नाणी घरच्या बाईला परत द्यायचा. त्या परताव्याची बायका वाट बघत! वसुलीवाला घरात येऊन टेबलाशी बसतो आणि उलट पैसे देऊन जातो, असे दृश्य या सगळ्या इतिहासात बहुधा एकदाच दिसते. पन्नास-साठच्या दशकांत आपली जी मुले तिकडे शिकायला गेली, त्यांनाही भाड्याच्या खोलीतल्या मीटरसाठी शिलिंगची नाणी राखून ठेवावी लागत. थंडीत मध्यरात्री नाणे नसले की अंगावर ओव्हरकोट घालून झोपायचे.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे वीज आणि गॅस दोन्हींचे राष्ट्रीयीकरण झाले. 1954 मध्ये या मंडळांच्या माणसांनी घरात कधी शिरायचे याचा एक वेगळा कायदाच झाला. घरच्या माणसाची संमती हवी, नाहीतर मॅजिस्ट्रेटचे वॉरंट हवे. अपवाद फक्त गॅस गळण्यासारख्या तातडीच्या प्रसंगाचा. 1970 मध्ये आणखी एक कलम आले. देणेकऱ्याला भीती वाटेल किंवा त्याची मानहानी होईल असा तगादा लावणे, पैसे दिले नाहीत तर फौजदारी होईल अशी खोटी धमकी देणे, आपण सरकारी अधिकारी असल्याचा आव आणणे, कोर्टाच्या कागदासारखा दिसणारा बनावट कागद पाठवणे, हे सारे गुन्हे ठरले. नातीला मी हे वाचून दाखवले. साधा वसुली एजंट आणि कोर्टाचा बेलिफ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एजंटला पत्र लिहिता येते, फोन करता येतो, दार वाजवता येते. 'जा' म्हटले की जावे लागते. कोर्टाचा निकाल झाल्याशिवाय बेलिफ येत नाही, आणि असल्या साध्या देण्यासाठी पहिल्या फेरीला त्यालाही दार फोडता येत नाही.

इथवर वाचून मला बरे वाटले होते. साडेतीनशे वर्षांत कायद्याने हळूहळू का होईना, वसुलीवाल्याला उंबरठ्यावर थांबायला आणि कागद दाखवायला शिकवले. पण गोष्ट इथे संपत नाही.

इंग्लंडात 1986 मध्ये गॅस आणि 1990 पासून वीज खासगी कंपन्यांकडे गेली. थकबाकीदाराची वीज तोडली की वर्तमानपत्रात बोभाटा होई. मग जुने नाण्याचे मीटर नव्या रूपात आले. नाण्याऐवजी किल्ली किंवा कार्ड. दुकानात जाऊन त्यात पैसे भरायचे. आधीची थकबाकी असेल तर मीटरच दर आठवड्याला त्यातला ठरलेला हप्ता कापून घेणार. कंपन्यांनी वीज तोडल्याचे आकडे झपाट्याने खाली आले. सगळे खूश! पण घरातले दिवे विझायचे थांबले नव्हते. कार्डातले पैसे संपले की वीज आपोआप जायची, आणि त्याला नाव पडले 'स्वतःच तोडलेली वीज'. कंपनीने काही केलेच नाही, म्हणून ते कुठल्या आकड्यात येत नाही. शिवाय दिवा लागो न लागो, रोजचा स्थिर आकार चढतच राहायचा. आणि वर्षानुवर्षे या मीटरवाल्यांना, म्हणजे बहुतेक गरिबांना, बँकेतून परस्पर पैसे जाणाऱ्यांपेक्षा महाग वीज मिळत होती. तो फरक काढायला 2023 साल उजाडले.

म्हणजे वसुलीवाला दारातून दिसेनासा झाला, तो मीटर होऊन घरात येऊन बसला होता.

2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि आधीच चढलेले गॅसचे भाव आणखी भडकले. साधारण कुटुंबाच्या वर्षाच्या बिलाची सरकारी मर्यादा ऑक्टोबर 2021 मध्ये 1,277 पौंड होती, ती एप्रिल 2022 मध्ये 1,971 पौंड झाली. ऑक्टोबरात तर सरकारला स्वतः पैसे घालून ती 2,500 च्या आसपास रोखावी लागली. थकबाकी वाढली आणि कंपन्या वॉरंट मागायला कोर्टात रांगा लावू लागल्या. संमती नसेल तर मॅजिस्ट्रेटने विचार करून वॉरंट द्यावे, हा 1954 च्या कायद्याचा हेतू. प्रत्यक्षात काही मिनिटांत शेकडो वॉरंटे एकगठ्ठा मंजूर होत होती. फेब्रुवारी 2023 मध्ये 'टाइम्स'च्या एका बातमीदाराने ब्रिटिश गॅससाठी काम करणाऱ्या वसुली कंपनीत नोकरी धरली आणि आत काय चालते ते छापले. कुलूपवाला बरोबर घेऊन घरे उघडली जात होती. लहान मुले असलेली घरे होती, आजारी माणसांची होती. प्रीपेड मीटर बसवून मंडळी पुढच्या दारी. बातमीने गहजब झाला. 6 फेब्रुवारीला न्यायमूर्ती एडिस यांनी इंग्लंड-वेल्समधल्या मॅजिस्ट्रेट कोर्टांना अशी वॉरंटे देणे थांबवायला सांगितले. मग ऑफजेम या नियामकाने नियम घातले: आधी निदान 10 वेळा ग्राहकाशी संपर्काचा प्रयत्न करा, घरी जाऊन माणसांची स्थिती बघा, पंचाऐंशीच्या पुढच्या वृद्धांच्या घरी सक्ती करू नका. पुढे त्यात दोन वर्षांखालच्या मुलांची घरे आली, आणि सोबत कोणी नसलेले पंचाहत्तरीपुढचे लोकही. हे सगळे झाल्यावर 2024 मध्ये काही कंपन्यांना पुन्हा परवानगी मिळाली.

मला धास्ती वाटली ती दुसऱ्याच एका ओळीची. ज्या घरात स्मार्ट मीटर आहे, तिथे यातले काहीच लागत नाही. कुलूपवाला नको, वॉरंट नको. कचेरीत बसून एक बटण दाबले की साधा मीटर प्रीपेड होतो. नव्या नियमांत त्यालाही बंधने घातली आहेत हे खरे, पण उंबरठा मात्र राहिलेला नाही.

हे वाचताना मला आमच्या वाड्यातला एक प्रसंग आठवला. मी अकरावीला, म्हणजे त्या वेळच्या मॅट्रिकला होते. वाड्यात मीटर एकच, मालकाच्या नावावर. भाडेकरू दिव्यामागे ठरलेले पैसे मालकाकडे देत. आईने कधी एक दिवस उशीर केला नाही. पण मालकाने ते पैसे भरलेच नव्हते. मार्चमध्ये, माझा गणिताचा पेपर दुसऱ्या दिवशी असताना, वायरमन दारात उभा राहिला. हातात कागद, खांद्याला पिशवी. आईने त्याला पाणी दिले. मी पुस्तक घेऊन पायरीवर बसले होते. त्याने माझ्याकडे बघितले, कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "वहिनी, पोरीचा पेपर होऊ दे. मी सोमवारी येतो." सोमवारी तो आला आणि फ्यूज काढून घेऊन गेला. नऊ दिवस आम्ही कंदिलावर काढले. त्याने नोकरी केली, पण आधी चार दिवस दिले. कुठल्याही नियमात न बसणारे चार दिवस! गणितात मला किती मिळाले ते विचारू नका, पण ते त्याच्यामुळे मिळाले.

आपल्या कायद्यातही हा उंबरठा आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. 1910 च्या वीज कायद्यात थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी सात दिवसांची लेखी नोटीस लागे. 2003 च्या कायद्याच्या कलम 56 ने ते पूर्ण पंधरा दिवस केले. तक्रार नोंदवून वादातली रक्कम भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. दोन वर्षांपूर्वीची, मधल्या बिलांत सतत न दाखवलेली बाकी एकदम काढून वीज तोडता येत नाही. कोर्टाच्या जप्तीलाही 1908 च्या दिवाणी संहितेने वेसण घातली आहे. घरातली स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत, आणि सूर्यास्तानंतर जप्तीसाठी घरात शिरता येत नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. इंग्लंडात थकबाकी माणसाच्या मागे जाते, आपल्याकडे ती घराला चिकटू शकते. आधीच्या मालकाची बाकी नव्या मालकाकडे मागण्याची तरतूद नियमांत असेल तर ती मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये केरळच्या वीज मंडळाच्या प्रकरणात सांगितले. तेव्हा घरातल्या मुलांनो, जुने घर घ्याल तेव्हा सातबारा आणि मालमत्तापत्रक बघता, तसे शेवटचे लाइटबिलही मागून घ्या.

आणि मीटर आपल्याकडेही बदलतो आहे. केंद्राने 2021 मध्ये देशभर 25 कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरची योजना जाहीर केली. महाराष्ट्रात त्यावर लोक चिडले, तेव्हा जून 2024 मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवणार नाही असे सरकारने जाहीर केले. त्यानंतर आलेल्या नव्या मीटरचे बिल महिनाअखेरच येणार, असे सांगण्यात आले. मी नव्या यंत्राच्या विरुद्ध नाही. बिले न भरणाऱ्यांचा भार भरणाऱ्यांवर पडतो, हेही मला कळते, आणि प्रीपेड मीटर घेतला तर अनामत रक्कम लागत नाही हा फायदाच आहे. प्रश्न एवढाच, की पैसे संपले म्हणून वीज गेली तर ते पंधरा दिवस कुठे गेले? नोटीस कोणाच्या हातात पडली? पेपर असलेली मुलगी कोणाला दिसली?

असो. नातीचे सांगते. मी सांगितल्यावरून तिने वसुली कंपनीला फोन केला नाही, पत्र लिहिले. भाडेकराराची पहिली तारीख, त्या दिवशी काढलेला मीटरच्या आकड्याचा फोटो आणि 'या नावाचा माणूस इथे राहत नाही' एवढे एक वाक्य. तीन आठवड्यांनी दोन ओळींचे उत्तर आले की या पत्त्यावरची फाइल बंद केली आहे. दिलगिरी वगैरे काही नाही.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे अजून ती तार आहे, जिला आमचे हे भरलेली लाइटबिले ओवून ठेवत. सगळ्यात खालचे बिल 1979 चे आहे. सून म्हणते, काढून टाकू या आता, सगळे मोबाइलवर असते. मी म्हटले, राहू दे.

नातीलाही सांगितले आहे, जागा सोडशील त्या दिवशीही मीटरचा फोटो काढ. नाहीतर तुझ्यामागून येणाऱ्या मुलीला लाल अक्षरातले पत्र जायचे.